दिवसाची झोप

आमच्या घरात झोप दिवसाची असायची. अप्पांची रात्रपाळी सकाळी सातला सुटायची. आठपर्यंत ते घरी यायचे, केसांवर आणि भुवयांवर धाग्याची पांढरी लव घेऊन. माय चहा आणि रात्रीची भाकर पुढे करायची. नऊ वाजता दहा बाय बाराच्या त्या खोलीत अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले, की दुपारी तीनपर्यंत भांडं वाजवायचं नाही, हा घरचा कायदा. धाकटी बहीण रडली तर माय तिला उचलून ओट्यावर न्यायची. मी दहा वर्षांचा होतो. शाळा सकाळची, बाराला सुटणारी. दप्तर ठेवायला मी आत आलो की माय बोट ओठावर ठेवायची, दुसऱ्या हातानं दार दाखवायची आणि अहिराणीत कुजबुजायची, “भाहेर खेयाले जाय.”

बाहेर म्हणजे सुरतेतला बमरोलीचा रस्ता. १९८६ साल. एका अंगाला शेतं अजून शिल्लक होती, दुसऱ्या अंगाला लूमची खाती, म्हणजे यंत्रमागाचे कारखाने, उभी राहत होती, आणि पलीकडे पांडेसऱ्याच्या मिलांची धुराडी. अप्पा ७२ च्या दुष्काळानंतर शिंदखेडा तालुक्यातून ताप्ती लाइनच्या गाडीत बसून आले ते उधन्याला उतरले आणि इकडचेच झाले. आमच्या चाळीत सगळे धुळे-जळगावकडचे. आमची कानबाई देवी बसायची, तिचे रोट व्हायचे, भांडणंसुद्धा अहिराणीतच व्हायची. गाव सोडलं असं वाटायचंच नाही. गावी फक्त रात्री झोपायची पद्धत होती.

दुपारच्या त्या तीन तासांत मी कुठं असतो, हे घरात कुणी कधी विचारलं नाही. विचारायला मोकळं कोण होतं? अप्पा झोपलेले, माय ओट्यावर साड्यांचे धागे कापत बसलेली, गठ्ठा संध्याकाळी परत द्यायचा म्हणून मान खाली. मी गल्ल्यावर असायचो. सुरतेत पानाच्या टपरीला गल्ला म्हणतात. तिथं सावली होती, रेडिओ होता, आणि मला ‘जा’ म्हणणारं कुणी नव्हतं.

तीनला अप्पा उठायचे. उठल्यावर पहिला हात दाराजवळच्या खिळ्याकडे जायचा. तिथं त्यांची तंबाखूची चंची टांगलेली असायची. ती रिकामी असली तर मला नाणं देऊन गल्ल्यावर धाडायचे. भरलेली असली तर मळायला बसवायचे. “तुझी बोटं बारीक, चुना नीट मिसळतो,” असं म्हणायचे, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. परीक्षेत पहिला आल्याचा वाटला नसता इतका. डाव्या तळव्यावर पत्ती, तिच्यावर नखभर चुना, उजव्या अंगठ्यानं रगडायचं, मग चार बोटांनी थापटून धूळ उडवायची. तळवा चुणचुणायचा. चुना कशाला घालतात हे मला फार पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं. चुन्यामुळे तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या कातडीतून लवकर रक्तात उतरतं. दहा वर्षांचा मी रोज दुपारी हे रसायन तयार करत होतो आणि बापाची सेवा करतोय असं समजत होतो. बापही तसंच समजत होता.

खात्यात सगळेच तंबाखू धरायचे, याला कारण होतं. सूत पसरलेलं असतं, तिथं बिडी पेटवता येत नाही. दोन्ही हात कामात. आवाज इतका की शेजारच्याशी बोलायचं तर खुणा कराव्या लागतात. बारा तास उभं राहायचं, आणि पहाटे तीन ते पाच डोळा लागला की तार तुटते, कापडात फट पडते, शेठ पैसे कापतो. दाढेत बार असला की झोप लांब राहते. म्हणजे अप्पांची रात्रीची झोप तंबाखूनं थोपवायची आणि दिवसाची झोप आम्हाला बाहेर काढून सांभाळायची, अशी आमच्या घराची घडी होती.

पहिला बार मी कसा धरला, ते वडीलधाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर “वाईट संगतीनं.” खरं असं की त्याच्याही आधी, सात-आठ वर्षांचा असताना, दाढ दुखली म्हणून मोठ्या मायनं, म्हणजे आजीनं, आपल्या डबीतली मिश्री माझ्या हिरडीला लावली होती. डोकं गरगरलं, दाढ थांबली, मी झोपलो. सगळ्यांना बरं वाटलं. पुढे तळव्याला चिकटून राहिलेली चिमूट मी चाटून बघू लागलो. एका रविवारी मुद्दाम थोडी जास्त ठेवली. ओकलो. चाळीतले काका लोक हसले, एकानं पाठीत धपाटा मारला, “पचली नाही का रे पहिलवान?” रागावलं कुणी नाही. तेराव्या वर्षी कानबाईच्या विसर्जनाला मी सगळ्यांसमोर बार धरून नाचलो आणि तेव्हाही कुणाच्या कपाळावर आठी उमटली नाही.

त्याच १९८६ साली पुण्यात, येरवड्याला, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं होतं. अवचटांचं ‘गर्द’ मी नववीत असताना शाळेच्या कपाटातून घेऊन वाचलं. दोन रात्री झोप आली नाही. दाढेत बार धरून मी ते पुस्तक वाचलं आणि वाचताना हळहळत होतो, बिचारी पोरं कशी अडकली. स्वतःचा त्याच्याशी काही संबंध आहे असं एकदाही मनात आलं नाही. व्यसनी म्हणजे गर्दुल्ला, फुटपाथवर पडलेला, मुंबईचा. नाहीतर संध्याकाळी देशीची पोटली घेऊन येणारे शेजारचे. गुजरातेत राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे, आणि आमच्या चाळीतल्या कुठल्याही पोराला पोटली कुठं मिळते ते डोळे मिटून सांगता आलं असतं. तंबाखूला मात्र व्यसन हा शब्दच आमच्याकडे नव्हता. “सवय” होती. चहाची असते तशी.

ही सवय नसून दुसरं काही आहे, हे मला एका गाडीनं शिकवलं. सप्टेंबर १९९४. सुरतेत प्लेग आल्याची बातमी पसरली आणि दोन दिवसांत शहर रिकामं व्हायला लागलं. मी अठराचा. उधन्याला खिडकीतून मायला आत ढकललं, बहिणीला ढकललं, अप्पा दारात लटकले. उभं राहायला पाऊल नव्हतं. चंची घाईत खिळ्यालाच राहिली होती. नवापूर गेलं आणि माझं अंग घामानं भिजलं, हात थरथरायला लागले, शेजारच्या बाईचं बाळ रडत होतं त्याचा राग यायला लागला. नंदुरबारला गाडी थांबली तसा मी उतरलो. मायला म्हणालो, पाणी आणतो. स्टेशनाबाहेर टपरी सापडेपर्यंत गाडी हलली. पिशवीत दोन पत्र्याचे डबे, बहिणीचे कपडे, सगळं माझ्याकडे. मायला वाटलं पोरगा गर्दीत चेंगरला. दुसऱ्या दिवशी मी गावी पोचलो तेव्हा ती ओट्यावर बसून होती, तिनं मला मारलं नाही, नुसता माझा वास घेतला आणि उठून आत गेली.

तरी तंबाखू सोडली नाही. उलट नंतर पुड्या आल्या, सुपारी आली, मावा आला. सप्टेंबर २०१२ मध्ये गुजरातेत गुटख्यावर बंदी आली तेव्हा गल्लेवाल्यानं एका पुडीच्या जागी दोन पुड्या टांगल्या, एकीत मसाला, दुसरीत तंबाखू, आणि मिसळायचं काम गिऱ्हाइकाकडे सोपवलं. मळण्याची सवय असलेल्या आम्हा लोकांना त्यात कसली अडचण?

आता माझ्या मुलाकडे येतो. मी हे लिहायला बसलो ते त्याच्यासाठी. माझं झालं ते झालं.

अप्पांची ती खोली आता माझी आहे, वर एक मजला चढवलाय. मी त्याच बमरोलीत खात्यात मास्टर झालो, म्हणजे मशीनं चालू ठेवायची जबाबदारी. पाळी दर पंधरवड्याला बदलायची. मुलगा २००८ चा. लहानपणापासून एका जागी बसणं त्याला जमायचं नाही. वर्गात उठून फिरायचा, अर्धं लिहून पान उलटायचा, पेन्सिली हरवायचा. शाळेतून चिठ्ठ्या यायच्या: मस्तीखोर आहे, लक्ष देत नाही, पालकांनी समज द्यावी. मी समज द्यायचो. सुरतेत ‘समज देणं’ कशाला म्हणतात ते वेगळं सांगायला नको. आपल्या पोराला काही त्रास असेल, त्याला नाव असेल, त्यावर इलाज असेल, हे ना मला सुचलं ना चिठ्ठी लिहिणाऱ्यांना.

मार्च २०२० मध्ये खाती बंद पडली. एप्रिलमध्ये घरी जाऊ द्या म्हणत कारीगर रस्त्यावर उतरले, मग त्यांच्या ओरिसाच्या गाड्या सुटल्या आणि ते राहायचे त्या मेसची खोलीन् खोली ओस पडली. ज्या मेसमध्ये एकच गादी दिवसा एक माणूस आणि रात्री दुसरा वापरायचा, तिथं कुत्री झोपायला लागली. खाती पुन्हा सुरू झाली तेव्हा माणसं कमी, म्हणून मास्टरलाच सलग रात्रपाळ्या. शाळा बंद. शाळा फोनवर. मी आठ हजारांचा फोन हप्त्यानं घेतला, मुलाच्या हातात दिला आणि नऊ वाजता भिंतीकडे तोंड करून झोपलो.

घर इतकं शांत कधीच नव्हतं. बारा वर्षांचं ते पोरगं, जे दहा मिनिटं बसत नव्हतं, ते कानात दोरी घालून माळ्यावर सहा-सहा तास बसून राहायला लागलं. बायको म्हणाली, सुधरला. मीही शेजाऱ्यांना सांगितलं, ऑनलाइनमध्ये पोराचं मन लागलं. अप्पांनी मला दाराबाहेर काढून जी झोप मिळवली, ती मी आठ हजारांत विकत घेतली होती.

मन शाळेत नव्हतंच, हे सांगायला नको. बंदुकांची गेम होती. तिच्यात हिरे विकत घ्यायचे असतात. सुरतेत हिरे घासणारे लाखांनी आहेत, पण पोराच्या हिऱ्यांपायी बँकेतलं खातं साफ झालेला त्या वर्षी चाळीत मी पहिला बाप नव्हतो, तिसरा होतो. एकदा दोनशे, एकदा पाचशे, मग एकदम साडेतीन हजार. फोन काढून घेतला तर त्यानं आईच्या हाताला चावा घेतला. तेरा वर्षांचा मुलगा. मग दोन दिवस जेवला नाही, घामानं भिजला, हात थरथरले. मी दारात उभा राहून बघत होतो आणि मला नंदुरबारचं स्टेशन आठवलं. हे मी बायकोला तेव्हा सांगितलं नाही, आज लिहितोय.

मारून झालं, नवस झाला, गावी पाठवून झालं. गावी मामाच्या मुलाचा फोन होता. परत आला तो गल्लीच्या टोकाला पंक्चरच्या दुकानामागे बसणाऱ्या पोरांबरोबर दिसायला लागला. ती पोरं रुमालावर सोल्युशन ओतून हुंगतात. सरकारनं एम्समार्फत केलेल्या २०१९ च्या पाहणीत एक विचित्र गोष्ट आढळली होती. दारू, गांजा, अफू, सगळ्यात मोठ्यांचं प्रमाण जास्त. हुंगण्याच्या नशेत मात्र दहा ते सतरा वयाच्या पोरांचं प्रमाण मोठ्यांच्या दुप्पट निघालं. स्वस्त आहे, बंदी नाही, आणि वास कुणाला ओळखता येत नाही. आमच्याकडे तर मिलच्या रसायनांचा वास हवेतच असतो.

मग एक दिवस मी त्याला हाताला धरून सिव्हिलला नेलं. मानसोपचाराच्या खोलीबाहेर बसताना मी तोंडाला रुमाल बांधला होता. कोरोना होता म्हणून नाही. कुणी ओळखीचं दिसेल म्हणून.

डॉक्टर तरुण होत्या, गुजराती, मराठी समजणाऱ्या. मला वाटलं गेमबद्दल विचारतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “घरात कोण कधी झोपतं?” मला प्रश्न कळला नाही. त्यांनी कागद पुढे केला, चोवीस तासांच्या चोवीस घरांचा, आणि घरातल्या चौघांची, आम्हा नवराबायकोची आणि मुला-मुलीची, झोप काळी करायला सांगितली. मी नऊ ते तीन. बायको रात्री बारा ते पाच आणि दुपारी जमेल तेव्हा. मुलगी अकरा ते सहा. मुलाला विचारलं, त्यानं पहाटे चार ते आठ काळं केलं आणि थांबला. त्या कागदावर असा एकही तास नव्हता की ज्यात एक मोठं माणूस जागं आहे आणि त्याच्याकडे पोरासाठी वेळ आहे. माझ्या आयुष्यात माझ्या घराचं इतकं खरं चित्र कुणी काढलं नव्हतं.

गेमिंगचा विकार हा आता जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत आहे, १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू झाली. पण डॉक्टर म्हणाल्या, नाव नंतर ठेवू. या मुलाला लहानपणापासून अवधानाची अडचण दिसते, अशी मुलं लवकर अडकतात, कारण ज्याला कुठंच लक्ष लागत नाही त्याला लक्ष धरून ठेवणारी एक वस्तू सापडली तर तो ती कशाला सोडेल? आणि मेंदूतला ‘पुरे’ म्हणणारा भाग पंचविशीच्या आसपास पुरा होतो. हे मला चटकन समजलं, माझ्या धंद्यातलं होतं. चांगल्या मशीनवर ताण्याचा धागा तुटला की पिन पडते आणि मशीन आपोआप बंद होतं. जुन्या लूमवर पिना नसतात. तिथं कारीगरानं डोळ्यांनी बघून हातानं थांबवायचं. कारीगर झोपला तर मशीन तुटक्या धाग्यानं विणत राहतं. पोराच्या पिना बसायच्या होत्या, आणि कारीगर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

मी विचारलं, मग मुलगी कशी नाही अडकली, घर तर एकच? त्या म्हणाल्या, दोन मुलं सारखी नसतात. खरं असेल. पण मी घरी येऊन विचार केला तेव्हा आणखी एक लक्षात आलं. मुलीला फोन मिळालाच नव्हता. ती आईबरोबर साड्यांना स्टोन चिकटवत होती, तिचा अभ्यास मैत्रिणीच्या वहीवरून व्हायचा. तिचं रक्षण झालं की तिच्यावर अन्याय, हे मला अजून ठरवता येत नाही.

जाताना डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. “तोंड उघडा.” मी उघडलं. “तीन बोटं उभी घाला.” दोनच गेली. सुपारीनं गालाच्या आतली कातडी आवळत जाते, ती पुन्हा सैल होत नाही, आणि पुढे कॅन्सरची भीती असते. “कधीपासून?” मी सांगितलं, दहाव्या वर्षापासून. त्यांना नवल वाटलं नाही. शाळकरी मुलांच्या २०१९ च्या देशव्यापी पाहणीत तंबाखू खाणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांनी दहावा वाढदिवस होण्याआधीच सुरुवात केली होती, असं त्या म्हणाल्या. म्हणजे मी उशीरच केला होता.

घरी येऊन मी मुलाला म्हणालो, तू फोन दे, मी पुडी देतो. तो म्हणाला, “आधी तुम्ही देऊन दाखवा, पप्पा.” मी दिली. सहाव्या दिवशी घेतली. परत दिली. कानबाईला घेतली. तिसऱ्यांदा दिली ती आजवर घेतलेली नाही, पण मी शपथ घालत नाही. त्याच्या गोळ्या चालू झाल्या, समुपदेशनाला दर पंधरा दिवसांनी गेलो, दोनदा तो आत गेलाच नाही आणि मीच बसून आलो. शेठकडे कायमची दिवसपाळी मागितली. शेठ म्हणाला, मास्टरला पाळी निवडता येत नाही. मग मास्टरकी सोडून घडीच्या खात्यात लागलो. महिन्याला चार हजार कमी मिळतात. ही गोष्ट प्रत्येकाला परवडणारी नाही, मलाही परवडत नव्हती. बायकोनं साड्यांचे गठ्ठे वाढवले, मुलगी कामाला लागली, तेव्हा जमलं.

चाळीत आता लोक मला विचारायला येतात. मी डॉक्टर नाही, म्हणून फक्त नंबर देतो: मनाच्या त्रासासाठी १४४१६, नशा सोडवण्यासाठी १४४४६, दोन्ही फुकट. आणि एक विनंती करतो, पोराला पुडी आणायला पाठवू नका. अठराच्या आतल्याला विकणं गुन्हा आहे हे गल्लेवाल्यालाही ठाऊक असतं, पण पोरगा म्हणतो बापासाठी, आणि तो खरं बोलत असतो. पंक्चरवाल्यामागची दोन पोरं अजून तिथंच बसतात. त्यांच्या बापांशी बोलायला मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा ते झोपले होते.

मुलगा सतरा वर्षांचा झाला. दहावी एकदा नापास, मग पास. आता आयटीआयला वायरमनचं करतो, हातानं करायच्या कामात त्याचं मन बरं लागतं. रात्री अकराला फोन पिशवीत घालून दाराजवळच्या खिळ्याला टांगायचा, असं आमचं ठरलंय. तोच खिळा, अप्पांच्या चंचीचा. कधी कधी रात्री एक-दीडला तो उठून, आवाज न करता, पिशवीतून फोन काढतो. मला ते कळतं, कारण हल्ली मी रात्री घरी झोपतो.